सहाव्या वर्षाची दाढ

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त सोसायटीच्या हॉलमध्ये केलेल्या भाषणाचा मजकूर)



सेक्रेटरींनी विषय विचारला तेव्हा मी म्हणालो, "दात." ते जरा गप्प झाले. मग म्हणाले, "साहेब, मुदत ठेवी, नॉमिनेशन, मृत्युपत्र यांवर बोला ना. लोकांना उपयोग होतो." मी म्हटलं, त्यावर मी निवृत्त झाल्यापासून या कट्ट्यावर बोलतोच आहे. ज्यांनी नॉमिनेशन करायचं त्यांनी केलं, ज्यांनी नाही केलं ते आता माझ्या सांगण्याने करणार नाहीत. आज दातांवरच बोलू द्या.

मी डॉक्टर नाही. कॉमर्सचा पदवीधर, छत्तीस वर्षं बँकेत काढलेला माणूस. मी जे सांगणार आहे ते माझ्या नातीकडून शिकलेलं आहे. ती दंतवैद्यकाच्या पहिल्या वर्षाला आहे. हा मजकूर तिला वाचून दाखवला, तिने तीन ठिकाणी लाल पेन्सिल फिरवली, मगच तुमच्यासमोर आणला.

सुरुवात माझ्या दाढेपासून. गेल्या वर्षी खालची डावी दाढ हलायला लागली. दुखत मात्र अजिबात नव्हती. दुखत नाही म्हणजे ठीक आहे, हा आपला हिशेब. जेवताना उजव्या बाजूने चावायचं आणि वेळ मारून न्यायची. शेवटी डॉक्टरकडे गेलो तेव्हा कळलं की वरून धडधाकट दिसणारी दाढ हिरडीच्या कडेला मुळापाशी पोखरली गेली होती. काढावी लागली. डॉक्टरांनी ती छोट्या बाटलीत घालून दिली. घरी येऊन टाकणार, इतक्यात नात म्हणाली, "आजोबा, टाकू नका. मला द्या."

तिने कॉलेजात त्या दाढेचा उभा काप काढला आणि आपण सहाणेवर चंदन उगाळतो तसा तो खरखरीत दगडावर उगाळून इतका पातळ केला की त्यातून उजेड आरपार जावा. कॉलेजात पालकांना बोलावलं होतं, त्या दिवशी मी मुद्दाम गेलो आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस स्वतःचीच दाढ आतून बघतोय!

आपल्याला वाटतं दात म्हणजे हाडाचा एक तुकडा. तसं नाही. दात चार वेगवेगळ्या पदार्थांचा बनलेला असतो. तीन कठीण, एक मऊ. सर्वात बाहेर इनॅमल, त्याच्या आत डेंटीन, मुळावर सिमेंटम आणि मधोमध पल्प, म्हणजे जिवंत गर. त्यात रक्तवाहिन्या आणि नसा असतात.

इनॅमल हा आपल्या शरीरातला सर्वात कठीण पदार्थ. वजनाने सुमारे ९६ टक्के खनिज. दाढेच्या टोकावर त्याची जाडी फार तर अडीच मिलिमीटर. सूक्ष्मदर्शकाखाली त्यात हजारो बारीक कांड्या एकमेकींना चिकटून उभ्या दिसतात, आतून पृष्ठभागाकडे निघालेल्या. एका कांडीची जाडी मिलिमीटरचा सुमारे दोनशेवा भाग. या कांड्या सरळसोट नसतात, एकमेकींत वळणं घेत जातात. म्हणून सुपारी फोडली तरी दात सहसा उभा चिरत नाही. (याचा अर्थ सुपारी फोडा असा नाही. ही नातीची पहिली लाल पेन्सिल.)

आता यातली मेख ऐका. हे इनॅमल ज्या पेशी तयार करतात, त्या दात हिरडीतून वर येताना संपून जातात. नंतर शरीराला नवं इनॅमल बनवता येत नाही. माझ्या भाषेत सांगायचं तर ही अशी ठेव आहे, जिच्यात लहानपणी एकदाच भरणा होतो. पुढे आयुष्यभर फक्त काढणं. लाळेतली खनिजं पृष्ठभागावरचं बारीकसारीक नुकसान भरून देतात, तेवढीच काय ती व्याजाची जमा. खड्डा पडला की तो खड्डाच.

नातीने आणखी एक गोष्ट सांगितली. दात आम्लात ठेवून मऊ करून कापला, तर स्लाइडवर इनॅमल दिसतच नाही! सगळं खनिजच असल्यामुळे ते पूर्ण विरघळून जातं, त्या जागी नुसती पोकळी उरते. आपल्या तोंडातही तेच होतं, फक्त हळूहळू. गोड खाल्लं की दातांवरचे जंतू त्या साखरेचं आम्ल करतात. कोल्ड्रिंक तर आम्ल घेऊनच येतं. बालमित्रांनो, हे तुमच्यासाठी होतं.

हे जंतू प्रथम कोणी पाहिले? हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावचा लेव्हेनहूक नावाचा कापडाचा व्यापारी. विद्यापीठाचं तोंड न पाहिलेला माणूस. स्वतः भिंगं घासून बनवायचा. त्याने स्वतःच्या दातांवरचं पांढरं कीटण कोरून भिंगाखाली धरलं आणि त्यात हलणारे सूक्ष्म जीव पाहिले. १७ सप्टेंबर १६८३ रोजी त्याने लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्र लिहून ते कळवलं. दाताच्या आत बारीक नळ्या असतात, हेही त्याने पाहिलं होतं. व्यापारी माणसाला हे जमलं, तर बँकवाल्याने निदान ऐकून घ्यायला काय हरकत आहे, असं मी मनात म्हटलं.

त्या नळ्या असतात डेंटीनमध्ये. दाताचा मोठा भाग डेंटीनचाच. रंगाने पिवळसर, इनॅमलपेक्षा मऊ आणि थोडा लवचीक. त्यातून असंख्य नळ्या गरापासून बाहेरच्या बाजूला जातात. गराजवळ एका चौरस मिलिमीटरमध्ये चाळीस हजारांच्या वर. या नळ्यांत द्रव असतो. इनॅमल किंवा सिमेंटम झिजून नळ्यांची तोंडं उघडी पडली की थंड पाण्याने तो द्रव हलतो, आतल्या नसांना धक्का बसतो आणि आपण "आई गं" म्हणतो. आइस्क्रीमची कळ ती हीच.

डेंटीन बनवणाऱ्या पेशी मात्र मरत नाहीत. गराच्या कडेला बसून त्या आयुष्यभर आतून नवा थर चढवत राहतात. हे आवर्ती खातं, दरमहा थोडं थोडं. पण त्यामुळे वय वाढतं तसा आतला गर आक्रसत जातो आणि नळ्याही हळूहळू बुजतात. परिणाम काय? म्हाताऱ्या दाताला कळ कमी येते. मित्रहो, माझी दाढ दुखली नाही याचं कारण हे. ती ठणठणीत होती म्हणून नव्हे, निरोप पोचवणारी वाटच अरुंद झाली होती म्हणून. आपल्या वयात "दुखत नाही" हा पुरावा नव्हे. हे वाक्य घरी जाऊन फ्रिजवर लिहून लावा.

तिसरा पदार्थ सिमेंटम. मुळावरचा पातळ थर, हिरडीच्या कडेला तर कागदापेक्षाही पातळ. त्यातून बारीक तंतू निघून जबड्याच्या हाडात घुसलेले असतात. म्हणजे दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो, तंतूंच्या झोळीत टांगलेला असतो. म्हणून तर भाकरीत वाळूचा कण आला तरी लगेच कळतं. वयानुसार हिरडी मागे सरली की हे मूळ उघडं पडतं. ते इनॅमलपेक्षा सौम्य आम्लातही विरघळायला लागतं. त्यात मी लहानपणी राखुंडी घासलेली आणि नोकरीत असताना कडक ब्रश आडवा ओढत बूट पॉलिश केल्यासारखे दात घासलेले. शिवाय आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या काही गोळ्यांनी तोंड कोरडं पडतं, लाळ कमी होते. माझी दाढ कुठून गेली ते आता तुम्हाला कळलं असेल. गच्चीचं वॉटरप्रूफिंग उत्तम होतं, लिकेज खालच्या डक्टमधून होतं.

आता ज्यासाठी हा विषय घेतला, तिकडे येतो.

इनॅमल बनत असताना रोज थोडं थोडं चढतं, दिवसाला मिलिमीटरच्या सुमारे अडीचशेव्या भागाइतकं. त्या रोजच्या कामाच्या खुणा कांड्यांवर आडव्या रेघांसारख्या राहतात. शिवाय साधारण दर आठवड्याला एक ठळक रेघ. स्वीडनच्या अँडर्स रेट्झियस यांनी १८३७ च्या सुमारास तिचं वर्णन केलं, म्हणून तिला त्यांचं नाव आहे. म्हणजे दात ही रोजकीर्द आहे हो! मूल फार आजारी पडलं, उपासमार झाली, की त्या दिवसांची रेघ जास्त गडद उमटते. आणि जन्माच्या वेळचीही एक रेघ असते. तिच्या आतलं इनॅमल आईच्या पोटात बनलेलं, बाहेरचं या जगात आल्यावर.

माझ्या पिढीतल्या पुष्कळांप्रमाणे माझीही जन्मतारीख १ जून आहे. शाळेत नाव घालताना मास्तरांनी लिहिली ती. त्याच तारखेवर नोकरी लागली आणि त्याच तारखेवर निवृत्त झालो. खरी तारीख आईलाही सांगता आली नाही. माझी ती दाढ सहाव्या वर्षी येणारी. तिचं इनॅमल बनायला जन्माच्या सुमारास सुरुवात होते आणि तिसऱ्या वर्षापर्यंत ते पुरं होतं. मी नातीला म्हटलं, "बघ गं, माझ्या जन्माची रेघ सापडते का." ती म्हणाली, "आजोबा, ती अगदी टोकापाशी असते. तुमची टोकं झिजून गेली आहेत. आणि असती तरी तारीख नसती कळली." म्हणजे तिथेही १ जूनच कायम!

पण खाली मधल्या भागात एक गडद रेघ होती. इतरांपेक्षा स्पष्ट, मलासुद्धा दिसली. नातीने तिच्या मॅडमना बोलावलं. त्या बराच वेळ बघत होत्या. म्हणाल्या, "नेमकं सांगता येणार नाही, पण साधारण दुसऱ्या वर्षात तुम्हाला काहीतरी मोठं आजारपण आलं असावं."

मला एक भाऊ होता. माझ्याहून तीन वर्षांनी मोठा. गावात गोवराची साथ आली तेव्हा आम्ही दोघेही आजारी पडलो. मी वाचलो, तो गेला. आई सांगायची, "तू तेव्हा नुकता चालायला लागला होतास." त्याचा फोटो नाही. जन्माची नोंद नाही, मृत्यूची नाही. आई गेल्यावर त्याची आठवण असणारं कोणी राहिलं नाही. मलाही तो आठवत नाही.

मॅडमनी मला हेही सांगितलं की शरीराला धक्का बसला एवढंच ती रेघ सांगते, कशाचा ते सांगत नाही. मला ते मान्य आहे. व्हाउचरशिवाय नोंद मी नोकरीत कधी पास केली नाही. पण ही एक नोंद मी पास केली आहे. सत्तरएक वर्षं ती माझ्या तोंडात होती, त्या दाढेने मी रोज भाकरी चावत होतो आणि मला पत्ता नव्हता. काप अर्ध्याच दाढेचा झाला. उरलेला तुकडा मी आईच्या फोटोमागे ठेवला आहे.

माझ्या मुलीच्या मुलाचा परवा पहिला दुधाचा दात पडला. आम्ही लहानपणी कौलांवर फेकायचो. चौथ्या मजल्यावर कौलं कुठली? नातीने तोही घेतला. त्यात जन्माची रेघ स्वच्छ दिसते म्हणे. त्याला सध्या फक्त दाताच्या बदल्यात किती चॉकलेटं मिळणार एवढंच कळतं.

तर आईवडिलांना एक विनंती. सहाव्या वर्षाची दाढ दुधाच्या दातांच्या मागे, कोणताही दात न पडता गुपचूप येते. म्हणून पुष्कळांना ती दुधाचीच वाटते आणि कीड लागली तरी "पडणारच आहे" म्हणून सोडून देतात. ती पडणारी नाही. तिच्या जागी दुसरी येत नाही. दुधाच्या दाढासुद्धा दहाव्या-बाराव्या वर्षापर्यंत हव्या असतात, खालच्या दातांची जागा त्याच धरून ठेवतात. ज्येष्ठांना विनंती, ब्रश मऊ घ्या, रात्री झोपण्यापूर्वी घासा आणि दुखत नसलं तरी वर्षातून एकदा दाखवा. समितीला विनंती, पाण्याची टाकी आपण ठरल्या वेळी धुतो, तशी वर्षातून एका रविवारी याच हॉलमध्ये मुलांची आणि ज्येष्ठांची दंततपासणी ठेवा. पहिल्या वर्षीच्या चहाचा खर्च माझ्याकडे लागला.

सोसायटीला पंचवीस वर्षं झाली. पहिल्या सर्वसाधारण सभेला आलेल्यांपैकी कितीतरी जण आज नाहीत. स्मरणिकेत त्यांची नावं छापली आहेत, हे फार चांगलं केलंत. नोंद राहिली पाहिजे.

बाहेर चहाबरोबर जिलेबी आहे असं कळतं. अवश्य खा. फक्त नंतर चूळ भरा. ही नातीची शेवटची लाल पेन्सिल.