चिठ्ठीवर कारणही हवे

उपनगरांतील फॅमिली डॉक्टर आणि औषधविक्रेते यांच्या पवई येथील संयुक्त परिषदेतील अध्यक्षीय भाषण



परिषद पवईत भरली आहे, तेव्हा बोलण्याची सुरुवात पवईच्या पाण्यापासून करणे उचित ठरेल. १८९०च्या सुमारास मुंबईची तहान भागवण्यासाठी बांधलेल्या इथल्या तलावाचे पाणी पिण्याजोगे ठरले नाही. तरीही दर पावसाळ्यात तलाव भरून वाहू लागला, की त्याची बातमी होते. पवई आणि विहार या दोन तलावांच्या सांडव्यांतून मिठी नदी निघते आणि साकीनाका, कुर्ला, वांद्रे-कुर्ला संकुल, धारावी असा सुमारे अठरा किलोमीटरचा रस्ता कापत माहीमच्या खाडीला मिळते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, त्या दिवशी मिठी घराघरांत शिरली. पाणी ओसरल्यावर पुढच्या काही आठवड्यांत शहरातली रुग्णालये तापाच्या रुग्णांनी भरली. त्यांतल्या कितीतरी जणांना लेप्टोस्पायरोसिस झाला होता. मुंबईकरांच्या रोजच्या बोलण्यात ‘लेप्टो’ हा शब्द आला तो तेव्हापासून, आणि त्याच्या मागोमाग एका जुन्या, स्वस्त कॅप्सूलचे नावही आले: डॉक्सिसायक्लिन.

या भाषणाचा विषय ही कॅप्सूल आहे. अँटिबायोटिक्सवर बोलताना नव्या, महागड्या आणि अतिदक्षता विभागातल्या औषधांकडे लक्ष जाते. पण औषध नीट वापरण्याची खरी परीक्षा होते ती दवाखान्यातल्या टेबलावर आणि मेडिकलच्या काउंटरवर, काही रुपयांच्या गोळीच्या बाबतीत.

लेप्टोस्पायरा हे जिवाणू उंदीर, घुशी, कुत्री आणि गुरे यांच्या मूत्रातून पाण्यात उतरतात. पायावरची जखम, टाचेची भेग, बोटांमधली चिखली किंवा डोळ्यांची आणि तोंडाची नाजूक त्वचा एवढी वाट त्यांना पुरते. साधारण पाच ते चौदा दिवसांनी ताप येतो, अंग मोडून येते, पोटऱ्या विलक्षण दुखतात, डोळे लाल होतात. बहुतेक रुग्ण वेळेवर उपचार मिळाले की बरे होतात. काहींना मात्र कावीळ होते, मूत्रपिंडे काम करेनाशी होतात, फुप्फुसांत रक्तस्राव होतो, आणि मग दिवसांचा नाही, तासांचा हिशेब सुरू होतो.

डॉक्सिसायक्लिनची इथली योग्यता अंदाजाने ठरलेली नाही. या औषधाच्या टेट्रासायक्लिन कुळाचा मूळपुरुष ऑरिओमायसिन १९४८ मध्ये जगापुढे आला. तो अमेरिकेतल्या ज्या लेडर्ली प्रयोगशाळेत सापडला, तिच्या संशोधनाची सूत्रे यल्लाप्रगडा सुब्बाराव या भारतीय शास्त्रज्ञाकडे होती. त्याच कुळातले डॉक्सिसायक्लिन १९६७ पासून वापरात आले. १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पनामाच्या जंगलात प्रशिक्षण घेणाऱ्या ९४० अमेरिकन सैनिकांपैकी निम्म्यांना आठवड्याला २०० मिलिग्रॅम डॉक्सिसायक्लिन आणि बाकीच्यांना औषध नसलेली कॅप्सूल देण्यात आली. औषध न मिळालेल्यांपैकी २० जणांना लेप्टो झाला, औषध मिळालेल्यांपैकी एकाला. पावसाळी मुंबईत आज जी मात्रा सांगितली जाते, तिच्यामागे असे पुरावे उभे आहेत.

त्या पुराव्यांचे व्यवहारात रूपांतर करताना बृहन्मुंबई महानगरपालिकेच्या आरोग्य विभागाने एक फार चांगली गोष्ट केली. सर्वांना सरसकट एकच गोळी न सांगता माणसाचा पाण्याशी किती आणि कसा संबंध आला, हे आधी विचारायला लावले. साचलेल्या पाण्यातून एकदाच चाललेल्या आणि पायाला जखम नसलेल्या प्रौढाला २०० मिलिग्रॅमचा एकच डोस. पायाला जखम असेल तर दिवसातून एकदा २०० मिलिग्रॅम, सलग तीन दिवस. जो वारंवार त्या पाण्यात उतरतो, त्याला आठवड्यातून एकदा २०० मिलिग्रॅम, सहा आठवडे. गर्भवती आणि आठ वर्षांखालील मुले यांना डॉक्सिसायक्लिनऐवजी डॉक्टरांच्या सल्ल्याने ॲझिथ्रोमायसिन. आणि हे सारे पाण्यातून आल्यावर २४ ते ७२ तासांच्या आत. कोणाला, कशासाठी, किती आणि कधी या चारही प्रश्नांची उत्तरे या सूचनेत आहेत. औषधांच्या जपून वापरावर अनेक परिषदा होतात, त्यांतून निघणारे सार या चार ओळींत आधीच आले आहे.

अडचण पुढे येते. पवईत उंच इमारती आहेत आणि त्यांच्या पायथ्याशी फुलेनगर, फिल्टरपाडा यांसारख्या वस्त्या आहेत. इमारतीत राहणारा नोकरदार वर्षातून एखाद्या संध्याकाळी गुडघाभर पाण्यातून घरी येतो, घाबरतो आणि सहा आठवड्यांच्या कॅप्सूल एकदम घेऊन ठेवतो. गटारात उतरणारा सफाई कामगार, तबेल्यात राबणारा भैया, इमारतीच्या पायाखोदाईवरचा मजूर, पावसात पार्सल पोचवणारा मुलगा हे रोज त्या पाण्यात असतात. त्यांच्या वाट्याला आला तर एखादा डोस येतो, तोही कोणी वाटायला आले तर. ज्याला एका डोसाच्या दोन कॅप्सूल पुरेत, तो बारा घेतो, आणि ज्याला बारा हव्यात त्याच्या हातात दोन पडतात. औषध तेच, किंमतही तीच. चुकतो तो फक्त प्रश्न, जो विचारायचा राहून जातो.

गोळी कशी घ्यायची, हा तर त्याहून दुर्लक्षित भाग आहे. डॉक्सिसायक्लिनची कॅप्सूल घोटभर पाण्याबरोबर घेऊन माणूस लगेच आडवा झाला, तर ती अन्ननलिकेतच अडकून तिथे व्रण करू शकते. मग गिळताना छातीत असह्य दुखते, आणि रुग्णाला वाटते हृदयाचाच त्रास सुरू झाला. म्हणून ती काहीतरी खाऊन, पेलाभर पाण्याबरोबर, बसून घ्यावी आणि निदान अर्धा तास आडवे होऊ नये. दूध, कॅल्शियमच्या गोळ्या, लोहाच्या गोळ्या आणि ॲसिडिटीची औषधे यांच्यासोबत घेतली, तर तिचे शोषण कमी होते, म्हणून मध्ये दोन-तीन तासांचे अंतर हवे. उन्हात काम करणाऱ्याच्या त्वचेला ती घेत असताना ऊन बाधू शकते. हे सांगायला मिनिटभर लागते. पण पावसाळ्याच्या गर्दीत डॉक्टरला वाटते फार्मासिस्ट सांगेल, फार्मासिस्टला वाटते डॉक्टरांनी सांगितले असेल, आणि रुग्ण आईने शिकवल्याप्रमाणे, अँटिबायोटिक गरम पडू नये म्हणून ती दुधासोबत घेतो.

प्रतिबंधक डोस घेतला म्हणजे लेप्टो होणारच नाही, असेही नाही. डोस घेतलेल्या माणसाला ताप आला, तर त्याने घरी न थांबता दाखवायला यावे. मलेरिया, डेंग्यू आणि लेप्टो मुंबईत एकाच मोसमात येतात आणि पहिल्या दोन दिवसांत एकमेकांसारखेच दिसतात. रक्त न तपासता चढवलेले औषध अशा वेळी खरे निदान लांबवते.

भीतीच्या काळात काय होते, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. ऑगस्ट १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावी गाठीच्या प्लेगचे रुग्ण आढळले. सप्टेंबरात सुरतेत फुप्फुसाच्या प्लेगची बातमी पसरली आणि लाखो माणसांनी ते शहर सोडले. त्या आठवड्यांत डॉक्सिसायक्लिनच्या भावंडाला, टेट्रासायक्लिनला, अशी मागणी आली की सुरतेपासून दिल्लीपर्यंत दुकानांतले साठे संपले. प्लेगच्या रुग्णाजवळही न गेलेल्यांनी कॅप्सूल घरात साठवल्या. औषधाचा तुटवडा पडतो, तेव्हा तो आधी गरज असलेल्याच्याच वाट्याला येतो.

एरवीच्या दिवसांत असा गोंधळ दिसत नाही, कारण तो सावकाश चालतो. २०१९ साली भारताच्या खासगी बाजारात विकल्या गेलेल्या अँटिबायोटिक्सचा जो अभ्यास २०२२ मध्ये ‘लॅन्सेट’च्या आग्नेय आशियाविषयक नियतकालिकात आला, त्यात सर्वांत जास्त खपलेले औषध होते ॲझिथ्रोमायसिन ५०० मिलिग्रॅमची गोळी. एकूण वापरात तिचा वाटा ७.६ टक्के होता. त्यानंतर सेफिक्झिम २०० मिलिग्रॅम, ६.५ टक्के. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गवारीत ही दोन्ही ‘जपून वापरा’ या गटात मोडतात, तर डॉक्सिसायक्लिन आणि ॲमॉक्सिसिलिन पहिल्या पसंतीच्या गटात. ‘तीन दिवसांची गोळी’ म्हणून ॲझिथ्रोमायसिन घराघरांत माहीत आहे. सर्दी, घसा, अंगदुखी, कशासाठीही ती मागितली जाते. यांतली बहुतेक दुखणी विषाणूंची असतात आणि त्यांवर तिचा काडीचाही उपयोग होत नाही. गोळी तिसऱ्या दिवशी संपते, सर्दीही त्याच सुमारास आपली आपण उतरू लागते, आणि श्रेय गोळीला मिळते.

पेनिसिलिनच्या शोधासाठी मिळालेल्या नोबेलच्या व्याख्यानात ११ डिसेंबर १९४५ रोजी अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी नेमके असेच उदाहरण घेतले होते. घसा दुखणारा एक काल्पनिक गृहस्थ स्वतःच अपुरे पेनिसिलिन घेतो, त्याच्या घशातले जंतू मरण्याऐवजी औषधाला सरावतात, त्यांची लागण त्याच्या बायकोला होते आणि तिच्यावर मग पेनिसिलिन चालत नाही. त्यानंतर दहाच वर्षांनी, १९५५ मध्ये, पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सच्या कारखान्यात देशी पेनिसिलिन बनू लागले आणि ते सामान्य माणसाच्या आवाक्यात आले. औषध आवाक्यात आणण्याचे काम त्या पिढीने केले. ते हातून निसटू न देण्याचे काम आजच्या पिढीकडे आहे. २०१९ या एका वर्षात औषधांना न जुमानणाऱ्या जिवाणूंमुळे जगात सुमारे १२ लाख ७० हजार माणसे दगावल्याचा अंदाज आहे.

मिठीच्या खालच्या टोकाला धारावी आहे. तिथल्या खासगी डॉक्टरांना क्षयरोगाची चिठ्ठी लिहायला सांगितल्यावर १९९१ साली शंभर डॉक्टरांनी ऐंशी वेगवेगळ्या पद्धतींचे उपचार लिहिले होते. डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये तोच प्रश्न १०६ डॉक्टरांना विचारला, तेव्हा ६३ प्रकार निघाले आणि पूर्ण बरोबर चिठ्ठी सहाच जणांची होती. त्यानंतर वर्ष-दीड वर्षात माहीमच्या हिंदुजा रुग्णालयातून, तपासलेल्या एकाही औषधाला दाद न देणाऱ्या क्षयाचे चार रुग्ण नोंदवले गेले आणि मुंबईचे नाव जगभरच्या वैद्यकीय नियतकालिकांत गेले. हे आकडे कोणाला दोष देण्यासाठी नाहीत. दिवसाला साठ-सत्तर रुग्ण पाहणारा, एकट्याने दवाखाना चालवणारा डॉक्टर या शहराचा कणा आहे. रोजंदारी बुडाली तर चूल पेटणार नाही, असे रुग्णाने सांगितल्यावर ‘उद्या कामावर जाईन अशी गोळी द्या’ या विनंतीला नकार देणे किती अवघड असते, हे सभागृहातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. म्हणूनच ही बाब एकेकट्याच्या निश्चयावर सोडता येत नाही. सगळ्यांनी मिळून एकच रीत पाळली, तरच नकाराचे ओझे वाटले जाते.

कायद्याने आपल्या परीने पावले टाकली आहेत. १ मार्च २०१४ पासून ‘एच-वन’ परिशिष्टातल्या ४६ औषधांची, ज्यांत तिसऱ्या पिढीची सेफॅलोस्पोरिन्स, कार्बापेनेम्स आणि क्षयरोगावरची औषधेही येतात, विक्री वेगळ्या नोंदवहीत लिहून ती तीन वर्षे जपावी लागते. २०१६ मध्ये पट्टीवरच्या लाल रेघेची मोहीम निघाली. ती रेघ दिसली की चिठ्ठीशिवाय औषध घ्यायचे नाही, हे लोकांना कळावे, असा उद्देश होता. पण काउंटरवर कात्रीने कापलेल्या चार गोळ्यांच्या तुकड्यावर पुष्कळदा ना नाव पूर्ण उरते, ना मुदतीची तारीख, ना सूचना. जानेवारी २०२४ मध्ये केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालकांनी डॉक्टरांना पत्र लिहून अँटिबायोटिक देताना त्याचे नेमके कारण चिठ्ठीवर लिहावे, असे आवाहन केले.

या शेवटच्या आवाहनात सगळ्याचे मर्म आहे. कारण लिहायला घेतले, की लिहिणाऱ्याला ते आधी ठरवावे लागते. ‘पुराच्या पाण्यात एकदा, जखम नाही’ एवढे लिहिले की दोनच कॅप्सूल निघतात. ‘सर्दी’ असे लिहून त्यापुढे ॲझिथ्रोमायसिन लिहिताना हात थांबतो. फार्मासिस्टलाही त्या चार शब्दांचा आधार मिळतो. चिठ्ठीवर कारण एक आणि औषध भलतेच असेल, तर तो डॉक्टरांना फोन करू शकतो. गर्भवती बाई समोर उभी असेल, तर थांबू शकतो.

म्हणून या परिषदेपुढे तीन ठराव मांडले आहेत. पहिला, या पावसाळ्यापासून सभासद डॉक्टरांनी प्रत्येक अँटिबायोटिकच्या नावाखाली ते देण्याचे कारण आणि एकूण किती गोळ्या, हे अक्षरांत लिहावे. दुसरा, सभासद औषधविक्रेत्यांनी पट्टी कापून दिली तर औषधाचे नाव, मुदतीची तारीख आणि किती दिवस घ्यायचे, हे पाकिटावर लिहून द्यावे, आणि चिठ्ठीशिवाय पट्टीला हात लावू नये. तिसरा, डॉक्सिसायक्लिनसोबत मराठी आणि हिंदीत एक छोटी चिकटपट्टी द्यावी: काही खाऊन घ्या, पेलाभर पाणी प्या, अर्धा तास आडवे होऊ नका, दुधासोबत घेऊ नका, ताप आला तर लगेच दाखवा.

चिकटपट्टीचा मसुदा दुपारच्या सत्रात वाचला जाईल. त्यावर पहिले बोलणे आरोग्यसेविकांचे व्हावे, अशी अध्यक्षपदावरून विनंती आहे. वस्तीतल्या बायकांना कोणता शब्द चटकन कळतो आणि कोणता नुसता वाचला जातो, हे त्यांना दवाखान्यांपेक्षा अधिक ठाऊक आहे. मजकूर ठरला की छपाई मे महिन्यात व्हावी आणि जूनच्या पहिल्या आठवड्याआधी चिकटपट्ट्या दुकानांत पोचाव्यात. वारंवार पाण्यात उतरणाऱ्यांची नावे प्रत्येक प्रभागातल्या सभासदांनी मे महिन्यातच नोंदवावीत, म्हणजे सहा आठवड्यांचे डोस त्यांच्यापर्यंत कामाच्या जागी नेता येतील. खर्चाचा अंदाज आणि विभागवार जबाबदाऱ्या यांचा तक्ता कार्यवाहांकडे आहे. सत्र सुरू होण्याआधी तो प्रत्येकाने पाहून घ्यावा.