पाहुण्यांच्या पंगतीत आपलंही ताट

(प्रभागसंघाच्या मेळाव्यात एका समूह सखीने केलेले भाषण)



आज मी बचतीवर बोलणार नाही, कर्जफेडीवरही नाही. आज ताटावर बोलायचंय. आधी एक प्रश्न. तुमच्या घरी मागच्या वेळी पाहुणे आले, त्या दिवशी तुम्ही स्वतः किती वाजता जेवलात? आणि तुमच्या वाट्याला काय उरलं होतं?

माझंच सांगते. दोन वर्षांपूर्वी नणंदेच्या सासरची बारा माणसं आली. पुरणपोळी, कटाची आमटी, भजी, कुरडया, भात, सगळं केलं. सकाळी सहाला कपभर चहा घेतलेला, जेवायला बसले चार वाजता. पोळ्या संपलेल्या. तळाची आमटी आणि शिळी भाकरी खाल्ली, वर परत चहा. पाहुण्यांना निरोप द्यायला उठले आणि दारातच चक्कर येऊन खाली बसले. दुसऱ्या दिवशी उपकेंद्रात रक्त तपासलं, तर हिमोग्लोबिन ८.२. बाईचं ते निदान १२ असावं लागतं. एका दिवसाच्या उपाशीपणानं रक्त कमी होत नाही, बायांनो. वर्षानुवर्षं शेवटी जेवायची सवय होती, ती त्या दिवशी दिसली एवढंच.

आणि मी एकटी नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या दर १०० बायकांमध्ये सुमारे ५४ जणींचं रक्त कमी निघालं. म्हणजे या मांडवात तुमच्या शेजारी बसलेली ताई किंवा तुम्ही, दोघींपैकी एक.

मग पाहुणचार करायचा नाही का? करायचा, मनापासून करायचा. पण पाहुणचार म्हणजे तेल, तूप आणि साखर, असं आपण धरून चाललोय. पुरणपोळी केली की भजी आणि वर शिरा कशाला? गोड एकच ठेवा, तळण एकच ठेवा. जोडीला मटकीची उसळ, मेथी किंवा शेपूची भाजी, काकडीची कोशिंबीर आणि ताक. चुलीपुढचे दोन तास वाचतात. तळून काळं झालेलं तेल पुन्हा वापरू नका. आणि आग्रह जरा जपून. साखरेचा आजार असलेल्या पाहुण्याला "एक तरी घ्याच" म्हणणं हे काही प्रेम नव्हे.

सगळ्यात महत्त्वाचं, वाढायला घेण्याआधी आपलं ताट काढून झाकून ठेवा. लाजू नका. जमेल तिथं सगळ्यांबरोबरच बसा, मधे भांडी ठेवा, ज्याचं त्यानं घ्यावं. आमच्या सासूबाई आधी पुटपुटल्या. आता त्याच म्हणतात, "अगं, तुझं ताट काढलंस का?"

आता बाहेरचं. बँकेच्या कामाला, बाजाराला तालुक्याला जातो, तेव्हा आपण काय करतो? दुपारपर्यंत नुसत्या चहावर, मग एक वडापाव आणि परत चहा. स्वतःच्या जेवणावर पैसे घालायला आपला जीव होत नाही! शक्य असेल तर भाकरी, चटणी, शेंगदाणे-गूळ बांधून न्या. हॉटेलात बसलात तर मिसळ घ्या, पण तर्री कमी, उसळ जास्त सांगा आणि वर लिंबू पिळा. नाहीतर पोहे, इडली-सांबार, उकडलेली अंडी. थंडाच्या बाटलीऐवजी ताक. लिंबू, पेरू, आवळा यांनी जेवणातलं लोह अंगी लागतं. चहा मात्र ते अडवतो, म्हणून जेवण आणि चहात तासाभराचं अंतर ठेवा. लग्नाच्या पंगतीतही आधी वरण-भात, भाजी, कोशिंबीर, मग जिलबी.

गोळ्या लागल्या तर डॉक्टरांना विचारूनच घ्या. मी घेतल्या, जेवण वेळेवर केलं, आज माझं हिमोग्लोबिन ११.६ आहे. अजून थोडं बाकी आहे.

शेवटी एकच मागणं. पुढच्या बैठकीत बचत गोळा करायच्या आधी प्रत्येकीला विचारा, "काल तू कधी जेवलीस, काय जेवलीस?" आणि महिन्याभरात गटातल्या सगळ्याजणी मिळून उपकेंद्रात रक्त तपासून घ्या. आपल्या हातचं खाऊन गाव तृप्त होतं. त्या हातांनाही पोटभर मिळायला हवं ना?