अमेरिका बरी की युरोप?
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



भाषणासाठी माझं नाव ग्रुपवर टाकताना एका मैत्रिणीनं विषयही देऊन टाकला. "तू दोन्हीकडं राहिलीस, सांग बाप्पा, अमेरिका बरी की युरोप?" आपल्यापैकी बऱ्याच जणांची मुलं इंजिनिअरिंगला आहेत, तेव्हा हा प्रश्न नुसत्या गप्पांचा नाही. मी अकरा वर्षं न्यू जर्सीत काढली आणि २०१७ पासून जर्मनीत आहे. सगळा युरोप मला ठाऊक नाही, म्हणून जर्मनीपुरतंच बोलते.

अमेरिकेत माणूस लवकर आपला होतो. माझ्या इंग्रजीतल्या वऱ्हाडी हेलाचं ऑफिसात कुणाला काही वाटलं नाही. कागदाचं मात्र तसं नाही. एच-वन-बी व्हिसे वर्षाला ८५ हजार, तेही लॉटरीनं. नोकरीवरच्या ग्रीन कार्डात एका देशाचा वाटा साधारण ७ टक्के, त्यामुळे भारतीयांची रांग काही दशकांची. त्यात मूल २१ वर्षांचं झालं की ते आईबापांच्या व्हिसावर राहू शकत नाही. माझी मुलगी जन्मली भारतात. ती बारा वर्षांची झाली तेव्हा मी हिशेब मांडला. तिची एकवीस वर्षं आधी भरणार होती, आमचा नंबर नंतर. म्हणून आम्ही निघालो.

जर्मनीत उलटं. कागद ठरल्या वेळेत होतो. ब्लू कार्डवर जर्मन भाषा येत असेल तर २१ महिन्यांत कायमचा परवाना मिळतो. जून २०२४ पासून नागरिकत्वाची अट आठऐवजी पाच वर्षं झाली. पण आपलेपणाला वेळ लागतो. मुलगी गणितात वर्गाच्या पुढं होती, तरी वर्षभर भाषेच्या वेगळ्या वर्गात बसली. "मूळची कुठली?" हा प्रश्न तिला आजही विचारतात.

आता द्वेषाचं. हिटलरचं चिन्ह जर्मनीत कायद्यानं बंद आहे. दारात स्वस्तिकाची रांगोळी काढली तर धर्माचं म्हणून चालतं, पण शेजाऱ्यांना आधी समजावलेलं बरं. अमेरिकेत १९७७ मध्ये स्कोकी गावी नाझी मोर्चाचा वाद झाला, तेव्हा न्यायालयांनी भाषणस्वातंत्र्याची बाजू घेतली. वाटा दोन, पण गोळी दोन्हीकडं सुटली. फेब्रुवारी २०१७ मध्ये कॅन्ससमधल्या ओलेथला एका भारतीय अभियंत्याला "माझ्या देशातून चालता हो" म्हणत मारलं. तिथला एक गोरा माणूस मधे पडला, त्यालाही गोळी लागली. फेब्रुवारी २०२० मध्ये जर्मनीतल्या हानाऊला एकानं स्थलांतरितांच्या घरातली नऊ माणसं मारली.

राज्यकारभारातही फरक आहे. अमेरिकेत मोठे पक्ष दोनच, म्हणून टोकाच्या मताला त्यांच्यापैकीच एकाच्या घरात शिरावं लागतं. अध्यक्षाच्या एका सहीनं पुष्कळ बदलतं. सप्टेंबर २०२५ मध्ये बाहेरून येणाऱ्यांच्या नव्या एच-वन-बी अर्जांवर एक लाख डॉलर शुल्क लागलं, ते असंच. जर्मनीत जेवढी मतं त्या प्रमाणात जागा. स्थलांतराला विरोध करणाऱ्या एएफडी पक्षाला २०१३ मध्ये ४.७ टक्के मतं होती, फेब्रुवारी २०२५ मध्ये २०.८ टक्के झाली. इतर पक्ष त्याच्यासोबत सरकार करत नाहीत, पण पाचातला एक मतदार तिकडं आहे, हे रोज बसमध्ये बसताना मला माहीत असतं.

तिथं मी कर भरते, मत देऊ शकत नाही. मत हवं तर जर्मन पासपोर्ट घ्यावा लागेल. जर्मनी दोन पासपोर्ट ठेवू देते, भारत देत नाही. मुलीनं अर्ज केला. माझा फॉर्म टेबलावर आहे, अजून भरलेला नाही.

तेव्हा माझं उत्तर एवढंच. एका देशानं मला आपलं म्हटलं पण कागद दिला नाही, दुसऱ्यानं कागद दिला पण आपलं म्हणायला वेळ घेतोय. मुलांना पाठवताना पगारासोबत हेही विचारा: रांग किती लांब, भाषा कोणती, आणि लेकराचं पुढं काय?

आणि एक आपल्यासाठी. वणीच्या कोळसा खाणींवरही बाहेरून माणसं आली. राजूर कॉलरीची पोरं आपल्या बाकावर बसली. कुणाच्या घरी तेलुगू, कुणाच्या घरी हिंदी. सरांनी हजेरी घेताना कधी फरक केला नाही. परदेशात जाईपर्यंत मला त्याची किंमत कळली नव्हती. पण सर, गावात आपण त्यांना आजही "कॉलरीवाले" म्हणतो. मुलीला "मूळची कुठली?" विचारलेलं मला टोचतं, तेव्हा हेही आठवतं.

मी आठवडाभर वणीत आहे. कुणाच्या मुलामुलींना व्हिसाबद्दल काही विचारायचं असेल तर घरी घेऊन या.