टायर घेताना चार आकडे

पावसाळ्याच्या तोंडावर टायर बदलायला गेलं की दुकानदार आधी कंपनीचं नाव सांगतो, मग सूट. मी मात्र खाली वाकून टायरच्या कडेवर तारखेचे चार आकडे शोधतो. ‘२३२४’ असेल तर तो २०२४ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झालेला. रबर नुसतं पडून राहिलं तरी हळूहळू कडक होतं, त्यामुळे गोदामातला जुना माल स्वस्तात मिळाला तरी मी नको म्हणतो.

माप गाडीच्या पुस्तिकेत दिलेलंच घ्यावं. १८५/६५ आर १५ च्या पुढे ८८ असेल, तर एक टायर ५६० किलोपर्यंत भार पेलतो. मागे तिघं आणि डिकीत तांदळाचं पोतं घेऊन गावाहून परतणाऱ्यांनी तो आकडा जरूर पाहावा.

चार परवडत नसतील तर दोन घ्या, पण नवे मागे बसवा. इथे दुकानात हुज्जत होते. इंजिन पुढे, ओढ पुढची, म्हणून नवे पुढे, असंच बहुतेकांना वाटतं. पण आंबोलीच्या ओल्या वळणावर पुढची चाकं घसरली तर वेग कमी करून गाडी बरेचदा सावरते. मागची घसरली तर ती गरकन फिरते, आणि मागे मुलं बसलेली असतात.

खाचांच्या खोलीची कायद्याची मर्यादा १.६ मिलिमीटर. तेवढ्या खाचांतून पावसाचं पाणी नीट निघत नाही. मी तीन मिलिमीटरलाच बदलतो.