अंतर्गळाची शस्त्रक्रिया आणि सांधेदुखीचा रुग्ण
(वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



आरोग्यावर चार शब्द बोलावेत अशी कार्यकारी मंडळाने आम्हांस आज्ञा केली, तेव्हा विषय शोधण्यास दूर जावे लागले नाही. साठी उलटलेली मंडळी आता घरोघर आहेत. त्यांतील पुष्कळांचे गुडघे धरलेले असतात आणि काहींस जांघेत वा बेंबीपाशी अंतर्गळ, म्हणजे सर्वजण ज्यास हर्निया म्हणतात तो, असतो. या दोन व्याधी एकाच देहात एकत्र आल्या म्हणजे शस्त्रक्रियेची तयारी निराळ्या रीतीने करावी लागते. शस्त्रवैद्य पोट पाहतो, अस्थितज्ज्ञ गुडघा पाहतो; दोहोंची सांगड घालण्याचे काम बहुधा घरच्या माणसांवर येऊन पडते. म्हणून हे बोलणे रुग्णाइतकेच त्याच्या मुलासुनांसाठीही आहे.

पोटाच्या भिंतीत एखादी जागा दुर्बळ होते आणि तीतून आतड्याचा अथवा चरबीचा भाग बाहेर डोकावतो, तो अंतर्गळ. प्रौढ माणसात तो औषधाने वा पट्ट्याने बरा होत नाही. तथापि निदान झाले की दुसऱ्याच दिवशी टेबलावर झोपले पाहिजे असेही नाही. ज्यांस फारसा त्रास नव्हता अशा ७२० पुरुषांवर अमेरिकेत झालेल्या अभ्यासाचा निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाला. देखरेखीखाली थांबणे अशा पुरुषांस सुरक्षित असल्याचे त्यात दिसून आले. पुढे त्यांतील बऱ्याच जणांनी दुखू लागल्यावर शस्त्रक्रिया करून घेतलीच. स्त्रियांच्या जांघेतील अंतर्गळास मात्र हा न्याय लागू नाही. तेथे विलंब करू नये. फुगवटा कठीण झाला, आत जाईना, दुखू लागला आणि ओकाऱ्या सुरू झाल्या, तर स्त्री असो वा पुरुष, त्याच घटकेस रुग्णालय गाठावे. ज्यांस शस्त्रवैद्याने थांबण्याची मुभा दिली आहे, त्यांनी तो अवधी रिकामा दवडू नये.

आता मुख्य गोष्ट. गुडघे धड असलेला मनुष्य खुर्चीतून उठतो तो मांड्यांच्या बळावर. गुडघे गेलेला मनुष्य हातांनी रेटा देतो, श्वास कोंडतो आणि कुंथत उठतो. तो सगळा दाब पोटावर येतो, आणि शस्त्रक्रियेनंतर नेमका तोच टाळावयाचा असतो. बरे, उठूच नये म्हणावे, तर दोन दिवसांत सांधे आखडतात आणि पायांच्या शिरांत रक्त गोठण्याचे भय वाढते. आमच्या पाहण्यातील एका वृद्ध गृहस्थांची जखम उत्तम भरली, पण घरी जमिनीलगतच्या गादीवरून त्यांस उठता येईना. मुलांनी प्रेमापोटी त्यांस आठ दिवस निजवून ठेवले. पुढे त्यांस पुन्हा चालते करण्यास दोन महिने लागले! दोष शस्त्रक्रियेचा नव्हता, गादीचा होता.

म्हणून उठण्याची तालीम तीन-चार आठवडे आधीपासून करावी. गुडघे वाकवून कुशीवर वळावे, पाय खाटेखाली सोडावेत आणि त्याच वेळी खालच्या कोपराच्या व वरच्या तळहाताच्या आधाराने सावकाश उठून बसावे. उठताना श्वास सोडावा. खुर्चीवर बसून एकेक पाय सरळ करून पाच आकडे मोजेपर्यंत धरावा. याने मांडीस बळ येते. खाटेच्या पायांखाली भक्कम ठोकळे घालून तिची उंची वाढवावी. हातांची खुर्ची मिळवावी. शौचास उकिडवे बसण्याची सोयच असेल तर कमोडची खुर्ची आधीच आणून ठेवावी आणि न्हाणीघरात भिंतीस दांडी बसवून घ्यावी. वॉकर लागणार असेल तर त्याचीही सवय आधीच व्हावी.

मलावरोध आणि खोकला हे दोन शत्रू. इसबगोल, भाजीपाला व पाणी यांची व्यवस्था आधीपासून असावी. बिडी-सिगारेट निदान चार आठवडे बंद ठेवावी. लघवीस जोर करावा लागत असेल तर संकोच न धरता डॉक्टरांस सांगावे.

औषधांची सर्व पाकिटे पिशवीत घालून सोबत न्यावीत. सांधेदुखीची काही औषधे रक्तस्राव वाढवितात, काही रोगप्रतिकारशक्ती कमी करतात. कोणते चालू ठेवावे आणि कोणते किती दिवस थांबवावे, हे शस्त्रवैद्य व सांधेतज्ज्ञ यांनीच ठरवावे. पुष्कळ दिवस स्टेरॉइड घेणाऱ्याने ते मनानेच एकाएकी बंद करणे धोक्याचे असते. वातावरच्या निनावी पुड्या घेणारे आपल्यांत थोडे नाहीत. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले सापडलेले आहे. तेव्हा पुडीदेखील लपवू नये. (सासूबाईंची पुडी सुनेस ठाऊक नसते, हा आमचा नित्याचा अनुभव!)

भूलतज्ज्ञाची भेट हा उपचार समजू नये. आमवातात मानेचे मणके सैल झालेले असू शकतात, जबडा पुरता उघडत नाही. पूर्ण भूल देताना ही माहिती प्राणमोलाची ठरते. पाठ ताठ झालेली असेल तर कण्यातील सुई अवघड जाते. १९८९ साली अमेरिकेत लिख्टेनस्टाइन व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेली जाळी बसविण्याची पद्धत जांघेच्या अंतर्गळास तेवढ्याच जागेपुरती भूल देऊनही करता येते. आपणांस ती योग्य आहे काय, हे अवश्य विचारावे. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेस सहसा पूर्ण भूल लागते. कोणता खांदा वर जात नाही, कोणता गुडघा सरळ होत नाही, हेही भुलीपूर्वीच सांगावे, कारण भुलीत सांधा ताणला गेला तरी रुग्ण ओरडू शकत नाही.

गुडघा बदलणे आणि अंतर्गळ यांत आधी काय, असे काहीजण विचारतात. याचे एकच उत्तर सर्वांस देता येत नाही. दोन्ही वैद्यांस परस्परांशी बोलावयास लावावे, एवढे आम्ही सांगतो.

शस्त्रक्रियेच्या दिवशीच, वैद्यांची ना नसल्यास, रुग्णास चार पावले चालवावे. खोकताना उशी पोटाशी धरावी. ताप आला, जखम लाल होऊन वाहू लागली, पोटरी सुजून दुखू लागली, तर ठरलेल्या भेटीची वाट पाहू नये. गुडघ्याचे नेहमीचे व्यायाम पुन्हा केव्हा सुरू करावेत, हे घरी निघण्यापूर्वीच कागदावर लिहून घ्यावे.