उभे राहणे



प्रार्थनेच्या वेळी पहिलीतील मुले डोळे मिटून उभी राहिली की रांग डुलू लागते. एखादा मुलगा शेजाऱ्यावर कलतो आणि बोलणी खातो. हा दर वेळी खोडसाळपणाच असतो काय?

मनुष्य स्तब्ध उभा असतो असे म्हणण्याची रीत आहे. वस्तुतः तो सदैव किंचित डोलत असतो. एवढा उंच देह दोन तळव्यांवर तोलावयाचा, तेव्हा तो कोणीकडे कलला ही वार्ता मेंदूस क्षणोक्षणी मिळाली पाहिजे. ती डोळे देतात. कानाच्या अंतर्भागातील तीन अर्धवर्तुळाकार नलिकांतून मस्तक फिरल्याचे कळते, आणि लगतच्या दोन पिशव्यांतील चुन्याच्या सूक्ष्म कणांमुळे त्याचा कल. तळव्यांची त्वचा, स्नायू व सांधे यांचीही साक्ष असतेच. या सर्वांचा मेळ घालून मेंदू पोटऱ्यांना आवळण्याची वा सैल होण्याची आज्ञा करतो.

बर्लिनचे वैद्य मोरिट्झ रोमबर्ग (१७९५–१८७३) यांनी पृष्ठरज्जूच्या एका विकारात असे पाहिले की, रोगी डोळे उघडे असता उभा राही, मिटताच डोलून पडू लागे. पायांची वार्ता तुटल्यामुळे त्याची सारी भिस्त डोळ्यांवर होती. बालकाचे थोडेफार असेच असते, तेही कोणताच रोग नसताना! ली व अ‍ॅरन्सन यांनी १९७४ साली नुकतीच उभी राहू लागलेली बाळे सरकत्या भिंतींच्या खोलीत उभी केली. जमीन स्थिर होती; तरी समोरची भिंत जवळ येताच बाळे मागे कलत, कित्येक पडत. डोळ्यांवरील हा भर वयाबरोबर ओसरतो, परंतु पहिलीच्या वयात मेळ घालण्याची ही शक्ती पुरती पक्व झालेली नसते.

वर्गात मुलांना एका पायावर उभे करून, डोळे उघडे ठेवून व मग मिटून, आकडे मोजावयास लावावे. फरक त्यांनाच कळेल. धड्याहून हे बरे. कोणी पडू नये म्हणून जवळ मात्र उभे राहावे.

जो मुलगा सोबत्यांहून फारच डोलतो, अंधारात अडखळतो, ज्याचा कान वाहतो वा ज्यास कमी ऐकू येते, त्यास अंगठे धरावयास लावू नये. त्याच्या पालकांस बोलावून त्यास आरोग्य केंद्रातील डॉक्टरांकडे पाठवावे, आणि तोवर प्रार्थनेस भिंतीलगत उभे करावे. भिंतीस बोट नुसते टेकले तरी डोलणे पुष्कळ कमी होते.