१०६ पौंडांचा मुलगा

(वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान)



कुस्तीवर बोलायला उभे राहिले की आपल्या भागात श्रोत्यांची अपेक्षा ठरलेली असते. खासबागचे मैदान, मारुती माने, हरिश्चंद्र बिराजदार, कोण किती दूध प्यायचा आणि कोणाच्या किती बैठका. ते सगळे मलाही आवडते, पण आज मी अमेरिकेतल्या शाळांच्या कुस्तीबद्दल बोलणार आहे. त्यातही प्रश्न एवढासाच आहे. नववीत नुकताच गेलेला, चौदा वर्षांचा, किडकिडीत मुलगा कोणत्या वजनात खेळवायचा आणि ते ठरवायचे कोणी?

तिथली हायस्कूल म्हणजे नववी ते बारावी. शाळेचा मुख्य संघ एकच. त्यात वयाचे गट नाहीत. आपल्याकडे शालेय स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालील अशा वयोगटांत होतात आणि प्रत्येक वयोगटात पुन्हा वजने. अमेरिकेत काटा फक्त वजनाचा. नववीतला चौदाचा आणि बारावीतला अठराचा एका वजनात बसले की कुस्ती लागली. न्यूयॉर्क आणि मिनेसोटासारख्या राज्यांत तर सातवी-आठवीतला मुलगाही हायस्कूलच्या संघातून खेळू शकतो. आपली वयोगटांची पद्धत मला अधिक शहाणपणाची वाटते, पण तिचे दुखणे तुम्हाला ठाऊक आहे. आपल्याकडे वजनापेक्षा जन्मदाखल्यात गडबड जास्त. तिथे दाखला खोटा करावा लागत नाही. काही पालक मुलाला आठवीतच मुद्दाम एक वर्ष मागे ठेवतात, म्हणजे हायस्कूलची चार वर्षे तो वर्षभर थोराड होऊन खेळतो. हे नियमात बसते, आणि शिवाय उघडपणे चालते.

आता संघाची रचना पाहा. दोन शाळांची लढत म्हणजे ओळीने बारा ते चौदा कुस्त्या, प्रत्येक वजनात एक. दोन-दोन मिनिटांच्या तीन फेऱ्या. गुणांवर जिंकले तर संघाला ३ गुण, चितपट केले तर ६. आणि समोरच्या शाळेकडे त्या वजनाचा मुलगाच नसेल तर वॉकओव्हर, त्याचेही ६. चितपट करणाऱ्या मल्लाने जे मिळवले तेच समोर कोणी न आल्याने मिळते, हे लक्षात असू द्या. या एका आकड्याने पुढचे पुष्कळ काही घडते.

मुलांचा सर्वांत खालचा वजनगट बरीच वर्षे १०६ पौंडांचा होता, म्हणजे ४८ किलो. अमेरिकेच्या वाढीच्या तक्त्यांत चौदा वर्षांच्या मुलाचे मधले वजन ५१ किलोच्या आसपास येते. अठराव्या वर्षी तेच ६७ वर जाते. म्हणजे १०६ हा गट जवळपास नववी-दहावीच्या मुलांसाठीच राखलेला. फुटबॉल आणि बास्केटबॉलच्या त्या देशात कोच लोक एरवी उंच, रुंद पोरांच्या मागे धावतात. कुस्तीचा कोच मात्र सप्टेंबरमध्ये शाळेच्या जेवणाच्या हॉलमध्ये उभा राहून सर्वांत काटकुळे पोर शोधतो. ते पोर मिळाले नाही, तर प्रत्येक लढतीत ६ गुण हातचे गेलेच. ज्याला दुसऱ्या कुठल्याच संघात कोणी घेत नाही त्याला सन्मानाने बोलावणारा हा एकच खेळ. या खेळाचे हेच रूप मला सर्वांत जास्त आवडते.

पण सगळी पोरे १०६ ची नसतात. समजा नववीतला एक मुलगा ११८ पौंडांचा आहे. त्याला १२० च्या गटात बसायला हवे. पण तिथे बारावीतला मुलगा आहे, गेल्या वर्षी राज्यस्पर्धेत गेलेला. संघातली जागा आपापसात कुस्ती करून मिळवायची असते; तिथे हा चौदाचा हरणारच. मग त्याच्यापुढे तीन वाटा: बाकावर बसा, वर १२६ ला जा, नाहीतर खाली ११३ ला उतरा. वर गेला तर आणखी दांडग्या पोरांशी गाठ. म्हणून बहुतेक जण खालीच पाहतात. मुलाचे वजन किती असावे हे त्याच्या शरीराने ठरवायचे ते इथे रिकाम्या जागेने ठरते. वजन उतरवण्याच्या सगळ्या गोष्टी आपण जिद्दीच्या म्हणून सांगतो. त्यातल्या पुष्कळ खरे म्हणजे जागेच्या असतात.

खाली उतरायला त्याला आज सहजासहजी देत नाहीत, ते का, यामागे १९९७ साल आहे.

त्या वर्षी नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये, पाच आठवड्यांच्या आत, अमेरिकेत तीन महाविद्यालयीन मल्ल वजन उतरवता उतरवता मेले. एक नॉर्थ कॅरोलायनात, एक विस्कॉन्सिनमध्ये, एक मिशिगनमध्ये. तिघांची रीत एकच: अन्नपाणी तोडायचे, अंगावर घाम काढणारा रबरी सूट चढवायचा, तापवलेल्या खोलीत सायकल मारत राहायचे. शरीर तापले, पाणी संपले, हृदय थांबले. पुढच्या फेब्रुवारीत तिथल्या केंद्र सरकारच्या रोगनियंत्रण संस्थेने, सीडीसीने, तिघांचा अहवाल छापला. महाविद्यालयांच्या संघटनेने त्याच हंगामात रबरी सूट आणि सॉनावर बंदी घातली, वजने कुस्तीच्या अगदी जवळच्या वेळेवर आणली. ही मुले १९ ते २२ वयाची होती. तीच रीत शाळेत चौदा वर्षांची पोरे थोरांचे पाहून करत होती आणि ती कोणालाही नवी नव्हती. १९८५ च्या ‘व्हिजन क्वेस्ट’ या सिनेमात शाळकरी नायक १९० वरून १६८ पौंडांवर उतरतो, मध्येच घोळणा फुटून नाकातून रक्त येते, आणि प्रेक्षक टाळ्या वाजवतात.

शाळांच्या बाबतीत वाट दाखवली विस्कॉन्सिनने, आणि तीही या मृत्यूंच्या बरीच आधी. तिथल्या शालेय क्रीडासंघटनेने १९८९ पासूनच मुलांच्या अंगातली चरबी मोजून प्रत्येकाचे किमान वजन ठरवायला सुरुवात केली होती. शाळांच्या राष्ट्रीय महासंघाने तशी पद्धत देशभर बंधनकारक केली ती २००६-०७ च्या हंगामापासून. तिचे काम कसे चालते ते जरा जवळून पाहू.

हंगामाच्या सुरुवातीला मुलगा आधी लघवीचा नमुना देतो. तिचे विशिष्ट गुरुत्व १.०२५ पेक्षा जास्त निघाले तर अंगात पाणी कमी आहे, घरी जा, उद्या ये. पाणी तोडून आलेल्याचे वजन मोजतच नाहीत. पाणी ठीक असेल तर काट्यावर उभे करतात. मग कॅलिपर नावाचा चिमटा येतो. दंडाच्या मागे, खांद्याच्या फऱ्याखाली आणि पोटावर, कातडीची चिमूट धरून जाडी मिलिमीटरमध्ये घेतात, प्रत्येक ठिकाणी तीन-तीनदा. मुलींचे पोट सोडून दोनच जागा. त्यावरून चरबीची टक्केवारी काढतात. मुलाची चरबी ७ टक्क्यांखाली आणि मुलीची १२ टक्क्यांखाली जाईल असे वजन त्यांना घेता येत नाही. आणि आठवड्याला शरीराच्या वजनाच्या दीड टक्क्याहून अधिक उतरता येत नाही.

आपला ११८ पौंडांचा मुलगा घ्या. समजा त्याची चरबी १२ टक्के भरली. चरबी वजा जाता उरले जवळपास १०४ पौंड. त्यात ७ टक्के चरबी धरली की त्याचे किमान वजन येते सुमारे ११२. म्हणजे ११३ ला तो जाऊ शकतो, १०६ ला कधीच नाही, कोच कितीही गयावया करो. आणि ११३ ला जायचे तर आठवड्याला पावणेदोन पौंड, म्हणजे सुमारे तीन आठवडे. तारीखच ठरते. तिच्या आधी त्या वजनात तो उभा राहू शकत नाही.

ही पद्धत निर्दोष नाही. चिमटा धरणाऱ्याच्या हातावर टक्का-दोन टक्के इकडे-तिकडे होतात, आणि आदल्या दिवशी पाणी पिऊन चाचणी पार करायची युक्ती शाळेत कोणाला शिकवावी लागत नाही. तरीही मला ती मोठी वाटते, कारण तिने निर्णय चौदा वर्षांच्या मुलाच्या जिद्दीच्या हातून काढून घेतला. पॅरिसमध्ये २०२४ साली विनेश फोगाटचे काट्यावर जास्त भरलेले १०० ग्रॅम आपण सर्वांनी पाहिले, हळहळलो. ती प्रौढ खेळाडू होती, तिला आपल्या शरीराची माहिती होती आणि निवड तिची होती. चौदाच्या मुलाची निवड बहुधा त्याची नसतेच.

शिवाय तो वाढत असतो, हे प्रौढ मल्लाला नसलेले संकट आहे. मुलांच्या वाढीचा सर्वांत जोराचा काळ तेरा-चौदाच्या सुमारास येतो. वर्षाला नऊ-दहा सेंटिमीटर उंची वाढते. हंगाम नोव्हेंबरला सुरू होऊन फेब्रुवारी-मार्चपर्यंत चालतो. नोव्हेंबरात १०६ ला नीट बसणारा पोर फेब्रुवारीत त्याच वजनात राहिला तर तो अन्नावर तरी राहिला नाही, नाहीतर वाढला तरी नाही. नियमांनी हे ओळखून हंगामाच्या मध्यानंतर दोन पौंडांची ‘वाढीची सूट’ ठेवली. दोन पौंड म्हणजे एक किलोसुद्धा नाही! पण एखाद्या नियमावलीने खेळाडू वाढतो आहे हे लिहून कबूल करावे, हे मला विशेष वाटते.

आता मुख्य तक्रारीकडे येतो. ऐंशीच्या दशकात सर्वांत खालचा गट ९८ पौंडांचा होता. मग १०३ झाला. २०११ मध्ये १०६. त्या वेळी महासंघाने देशभरातल्या जवळपास दोन लाख मुलांच्या वजनांची नोंद तपासली आणि प्रत्येक गटात साधारण ७ टक्के मुले येतील असे गट पाडले. २०२३ पासून राज्यांना मुभा मिळाली: १४, १३ किंवा १२ गट, हवे ते घ्या. चौदा घेतले तर खालचा गट १०६, तेरा घेतले तर १०७, बारा घेतले तर १०८. कारण दिले जाते ते वॉकओव्हरचे. खेड्यातल्या लहान शाळांना चौदा मुले मिळत नाहीत, प्रेक्षक येतात आणि निम्म्या कुस्त्या होतच नाहीत. दुसरेही एक कारण आहे आणि ते मी उडवून लावणार नाही. १५० च्या आसपास बारावीची चार-चार पोरे एका जागेसाठी झगडतात, त्यातली तीन बाकावर बसतात, आणि तिकडे नववीतला एक जण समोर कोणी नाही म्हणून हात वर करून घेतो. चार वर्षे घाम गाळलेल्या मुलाला हे बोचणारच.

तरीही माझे मत असे की दोन लाख मुलांची सारखी वाटणी करून गट पाडले की कडेची मुले कडेलाच राहतात. प्रत्येक गटात सारखी गर्दी असणे हा न्याय मधल्यांसाठी झाला. वजनगट मुळात आले ते कडेच्यांसाठी. वरच्या टोकालाही तेच. १०६ आणि ११३ मध्ये ७ पौंडांचे अंतर. २१५ नंतरचा गट थेट २८५. नववीतला २२० पौंडांचा गुबगुबीत मुलगा, ज्याने अजून दाढीही केलेली नाही, २८० पौंडांच्या बारावीतल्या मल्लापुढे उभा राहू शकतो. मधला फरक २७ किलोंचा. किडकिडीत पोराची कीव सगळ्यांना येते, याची कोणाला येत नाही.

आपल्या जत्रेतल्या मैदानात हे कसे करतात? रेवड्यांच्या कुस्त्यांना दोन पोरे पुढे येतात. पंच किंवा एखादा जुना वस्ताद त्यांना शेजारी उभे करतो, दंड चाचपतो, कोणत्या तालमीचा, किती दिवस झाले, विचारतो, आणि मग दोघांचे हात वर करून जोड जाहीर करतो. नाहीतर ‘नको, हा जड जातोय’ म्हणून एकाला परत पाठवतो. त्या नजरेत वय, हाड, मेहनत सगळे येते, जे काट्यावर येत नाही. पण या नजरेला भुलू नका. खाशाबा जाधव कराडच्या टिळक हायस्कूलचे विद्यार्थी, अंगाने लहान. मोठ्या इनामाच्या कुस्त्या आणि गदा हे सगळे जड गड्यांचे राज्य. त्यांना जगात जागा मिळाली ती काट्यामुळे. १९४८ ला लंडन ऑलिंपिकमध्ये ५२ किलोत सहावे, १९५२ ला हेलसिंकीत ५७ किलोत कांस्यपदक. आणि लंडनपूर्वी त्यांना मॅटवरची कुस्ती शिकवली ती रीस गार्डनर या अमेरिकन मल्लानेच. म्हणून वजनगट नकोत असे कराडच्या परिसरात तरी कोणी म्हणू नये.

मुलींचे थोडक्यात. आयोवात २०११ च्या राज्यस्पर्धेत, ११२ पौंडांत, नववीतल्या एका मुलीपुढे आलेल्या मुलाने धर्माचे कारण सांगून खेळायला नकार दिला, आणि ती त्या स्पर्धेत कुस्ती जिंकणारी पहिली मुलगी ठरली, एकही डाव न टाकता. तेव्हा तिथे मुलींना मुलांच्याच गटांत खेळावे लागे. आज आयोवात मुलींची स्वतंत्र स्पर्धा आहे आणि २०२३-२४ मध्ये देशभरात हायस्कूलच्या मल्ल मुली ६४ हजारांवर गेल्या. त्यांच्या चौदा गटांच्या रचनेत खालचा गट १०० पौंडांचा आहे. म्हणजे ९६ पौंडांच्या मुलीला चार पौंडांवर जागा, आणि तिच्याच वर्गातल्या ९६ पौंडांच्या मुलाला, राज्याने बारा गट घेतले असतील तर, बारा पौंड वर.

मला कोणी विचारले तर मी दोन गोष्टी करीन. मुलांचा खालचा गट पुन्हा शंभरच्या आसपास आणीन, आणि वॉकओव्हरचे ६ गुण ३ वर आणीन. मग रिकामी जागा भरण्यासाठी कोणाला मुद्दाम खाली खेचायची ओढ तेवढी राहणार नाही, आणि खरोखर हलके पोर सापडले तर त्याने चितपट करून ६ मिळवावेत. कोच मंडळी याला तयार होणार नाहीत, हेही मला माहीत आहे. ज्याच्याकडे सध्या १०६ चा मुलगा आहे, तो ते ३ गुण सोडणार नाही.